दोन हातांमधले बारा तास

गाडीच्या रंगावर लावायच्या सीलंटच्या बाटलीच्या पाठीवर चारच सूचना होत्या. पातळ हात मारा. २०-३० मिनिटांत धुरकट झाला की पुसा. दुसरा हात १२ तासांनी. शेवटच्या हातानंतर २४ तास पाणी लागू देऊ नका. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. ‘आधी कृती वाचा, मग परीक्षानळी हातात धरा’ हे वर्षातून शंभरदा तरी मुलांना ऐकवत असेन. तरीही नोव्हेंबरातल्या त्या रविवारी मी १२ तासांचा सरळ एक तास करून टाकला. दुसऱ्या दिवशी कराडला मेहुणीचा साखरपुडा होता, रजा टाकलेली होती, गाडी चकचकीत हवी होती. आणि पहिला हात पुसल्यावर बॉनेट इतकं कोरडं, इतकं गुळगुळीत लागत होतं, की आणखी अकरा तास कशाची वाट बघायची तेच कळेना.

गाडी २०१६ची लाल स्विफ्ट. राहतो वाळवा तालुक्यात. घराला पोर्च नाही, गाडी बारमाही अंगणात. साखर कारखाना सरळ रेषेत दोन-अडीच किलोमीटरवर. ज्यांची घरं कारखान्याच्या वाऱ्याखाली आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. हंगाम सुरू झाला की बॉयलरमध्ये उसाची चिपाडं जळतात आणि रात्रभर काजळी उतरते. अंगणात, वाळत घातलेल्या कपड्यांवर, तुळशीवर. भरीस भर म्हणून तोड झालेल्या फडातलं पाचट पेटवतात, त्याची लांबलांब काळी पानं वेगळीच. सकाळी उठून फडक्यानं गाडी झटकायची, ही माझी कित्येक वर्षांची सवय, आणि तीच चूक. चिपाडाच्या राखेत सिलिका भरपूर असते. सिलिका म्हणजे वाळूचंच अंग. कोरड्या फडक्यानं राख पुसायची म्हणजे गाडीला रोज सकाळी बारीक पॉलिशपेपर मारायचा. उन्हात उभं राहून बघितलं की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसायचे, ते सगळे माझ्याच हातचे.

रंगाची जाडी किती असते हे कळल्यावर मात्र जीव थोडा हलला. कारखान्यातून आलेल्या गाडीवरचा सगळा रंग, प्राइमरपासून वरच्या पारदर्शक थरापर्यंत, साधारण १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे तेवढे हजारावे भाग, असतो. त्यातला पारदर्शक थर, म्हणजे ज्याला क्लिअर कोट म्हणतात तो, ४०-५० मायक्रॉनच्या आसपास. डोक्याच्या केसापेक्षा पातळ. एवढ्याच्या जिवावर गाडी ऊन, पाऊस, कावळे आणि माझं फडकं सोसत होती.

आधी मेण लावून बघितलं होतं. कार्नोबाचं मेण ब्राझीलमधल्या ताडजातीच्या झाडाच्या पानांवरून काढतात. ८२ अंशांच्या वर जाऊन वितळतं, म्हणून मेणांमध्ये ते कडक. दिसायलाही फार सुंदर. पण फेब्रुवारीत लावलेलं मेण एप्रिलच्या मध्यावर पाणी फेकेनासं झालं. मग सांगलीत सिरॅमिक कोटिंगचा, म्हणजे काचेसारख्या कडक लेपाचा, भाव विचारला. १८,००० म्हणाले. ती रक्कम मी घरी न सांगता मनातच ठेवली. मधला मार्ग सीलंटचा. हे कृत्रिम पॉलिमर, एकदा बसलं की चार-सहा महिने टिकतं, आणि बाटली हजाराच्या आत मिळाली.

तयारीचं फार सांगत नाही, कारण ती सगळे सांगतात. दोन बादल्यांनी धुतली, एक शाम्पूची आणि एक हात खळबळायची. लोखंडाचे कण काढायचं द्रावण मारलं, ते चाकांवर जांभळं होऊन ओघळलं आणि अंगणभर सडक्या अंड्यांसारखा वास सुटला. शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. मग क्ले, म्हणजे रंगात रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी. प्लास्टिकच्या पातळ पिशवीत हात घालून धुतलेल्या पत्र्यावरून फिरवला, तर हाताला न लागणारी खरखर पिशवीतून लख्ख लागते. ती जाईपर्यंत क्ले घासायची. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्मं पाणी घालून पुसलं. सौ. दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, “दिवाळीत स्वतः उटणं लावायला दोन मिनिटं नव्हती तुम्हाला.”

पहिला हात सकाळी दहाला संपला. अर्ध्या तासानं पुसला. साडेअकराला दुसरा मारला, आणि बारा वाजता पुसायला गेलो तर पुसलं जाईना. पहिल्या वेळी फडकं नुसतं टेकवलं की धुरकटपणा पिठासारखा उडून जात होता. या खेपेला तो सरकत होता. इकडून पुसलं की तिकडे जायचा. बॉनेटवर इंद्रधनुष्यी तेलकट पट्टे उमटले, रस्त्यावरच्या पाण्यात डिझेल सांडल्यावर दिसतात तसे. मी कोरडं फडकं घेतलं, मग दुसरं, मग जोर लावला. जोर लावल्यावर दोन ठिकाणी पहिला हातही निघून आला, आणि मधेच उघडा पडलेला रंग चकत्यांसारखा वेगळा दिसायला लागला. साखरपुड्याला गाडी मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला, बदामाच्या झाडाखाली लावली.

तिथून परतताना दुसरं प्रकरण घडलं. उसानं खच्चून भरलेल्या ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉलीला वाट द्यायला मी गाडी कडेला घेतली. ट्रॉलीबाहेर आलेले ऊस मागच्या डाव्या दारावरून किरकिरत गेले. दाराला तीन समांतर चर. ट्रॅक्टरवाला तोवर पुढच्या वळणावर. आमच्याकडं हंगामात अशा गोष्टींची तक्रार कोणी कोणाकडं करत नाही, मिस्त्रीकडं जातात.

मिस्त्रींनी तीस-पस्तीस वर्षं ट्रक, ट्रॅक्टर, जीप, सगळं रंगवलंय. दारावरून बोट फिरवलं, बोट हुंगलं आणि माझ्याकडं बघितलं.

“काय लावलासा ह्याला?”

मी अभिमानानं बाटलीचं नाव सांगितलं.

“सिलिकॉन हाय का त्यात?”

असावं, म्हटलं. बऱ्याच सीलंटमध्ये सिलिकोनच्या जातीचे पॉलिमर असतातच.

“मग ती बाटली माझ्या शेडात आणायची न्हाई. फडकंबी न्हाई.”

यात फटकळपणा काही नव्हता. पत्र्यावर सिलिकोनचा अंश जरी राहिला तरी फवारलेला ओला रंग तेवढ्या जागेवरून बाजूला पळतो आणि बारीक गोल खड्डे पडतात. रंगारी म्हणतात, रंगात डोळे पडले. एकदा डोळे पडले की परत घासून पहिल्यापासून. म्हणून त्यांनी ते दार थिनर नव्हे तर ग्रीस काढायच्या द्रावणानं तीनदा, दर वेळी नवं फडकं घेऊन पुसलं. फुकट गेलेल्या अर्ध्या तासाचे पैसे लावले नाहीत, पण ऐकवलं भरपूर.

मी तिथंच स्टुलावर बसून काम बघत राहिलो. पुट्टी, प्राइमर, मग लाल रंगाचा एक हात. आणि ते फवारणी यंत्र ठेवून बिडी ओढायला रस्त्याच्या पलीकडं गेले. आठ-दहा मिनिटांनी आले, दारावर चिकटवलेल्या कागदाच्या कडेला सांडलेल्या रंगाला बोट लावलं, मग दुसरा हात. दारातल्या रंगाला बोट लावायचं नाही, कडेच्याला लावायचं. पुन्हा पलीकडं. मी म्हटलं, माझ्याही गाडीला दोन हात द्यायचे होते, दुसरा बिघडला. किती वेळानं दिला विचारलं. एक तास म्हटल्यावर हसले.

“तास व्हय? सर, वाळलं हुतं, मुरलं न्हवतं.”

त्या एका वाक्यात माझा धडा होता, आणि लाज अशी की तो मीच शिकवतो. फेव्हिकॉल वाळतो. त्यातलं पाणी उडून जातं, मागे राहिलेलं घट्ट होतं. अरल्डाइट वाळत नाही, त्यात राळ आणि हार्डनर एकमेकांशी जोडले जातात. हाताला कडक तर काही तासांत लागतं, पण खरी ताकद दुसऱ्या दिवशी. सीलंटमध्ये या दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ चालतात. आधी द्रावक उडतो, तो धुरकटपणा म्हणजे त्याचीच खूण, आणि त्याला अर्धा तास पुरतो. नंतर पॉलिमरच्या साखळ्या रंगाला धरतात, एकमेकींत गुंततात. हे दिसत नाही, हाताला कळत नाही, आणि याला कित्येक तास लागतात. मी तासाभरात दुसरा हात मारला तेव्हा त्यातल्या ताज्या द्रावकानं खालचा अर्धाकच्चा थर परत मऊ केला. मी एकावर एक दोन थर दिलेच नव्हते. दोन्हीचा मिळून काला केला होता.

(मिस्त्रींचा आठ-दहा मिनिटांचा हिशेब उलटा असतो, हे तेव्हा मला उमगलं नव्हतं. फवारलेल्या रंगाचा खालचा थर पूर्ण मुरायच्या आत वरचा द्यायचा, म्हणजे दोन्ही एकजीव होतात. सीलंटला तेच केलं की घोटाळा. ‘हात’ हा शब्द दोन्हीकडं एकच, म्हणून माझ्यासारखा फसतो.)

दार रंगवून झाल्यावर त्यांनी बजावलं, “ह्या दाराला दोन म्हैने काय बी लावायचं न्हाई. निस्तं पाणी.” ताज्या रंगातला द्रावक कित्येक आठवडे हळूहळू बाहेर येत असतो. वर सीलंटचं झाकण ठेवलं तर तो आत अडकतो, रंग मऊ राहतो, कधी मंद पडतो. कारखान्यातला रंग भट्टीत तापवून पक्का केलेला असतो, त्याला ही पथ्यं नाहीत. मिस्त्रींच्या शेडात भट्टी नाही, त्यामुळे पथ्य. एवढं दार वगळून बाकी गाडीचा विचार करायचा, असं ठरलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुसरा प्रयत्न. या खेपेला घाई करायची नाही, ही शपथ. बॉनेट हलक्या पॉलिशनं परत कोरं केलं, अल्कोहोलनं पुसलं. शनिवारी सकाळची शाळा, दुपारी काम, संध्याकाळी सहाला पहिला हात पुसून तयार. दुसरा रविवारी सकाळी सहा-सातला. मधे बारा तास पुरते. रात्री निवांत झोपलो.

सकाळी टपावर हात ठेवला तर ओला. आमच्याकडं डिसेंबरात आकाश निरभ्र असलं की गाडीचा टप रात्री उष्णता वर फेकून हवेपेक्षाही थंड होतो, आणि दव पहिल्यांदा तिथंच धरतं. दवाच्या प्रत्येक थेंबात काजळीचा एक काळा ठिपका. टिपलं तर खाली गोल कडी राहिली, चहाच्या कपाची टेबलावर राहते तशी, फक्त ज्वारीच्या दाण्याएवढी. टपावर हजारो. दारं आणि बंपर उभे असल्यामुळे ते बऱ्यापैकी वाचले होते. चोवीस तास पाणी नको ही सूचना मी पाईपनं गाडी धुऊ नका अशी वाचली होती. पाणी वरून न बोलावता येतं, ते डोक्यात आलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी हिशेबात आली. बाटलीवर लिहिलेले १२ तास कुठल्या हवेतले? सूचनांत पुढं बारीक अक्षरांत २० ते २५ अंश असं होतं. आमच्या अंगणात त्या रात्री पारा १२-१३वर उतरला होता. तापमान दहा अंशांनी घसरलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण निम्मा होतो, असा एक ढोबळ नियम आम्ही मुलांना सांगतो. म्हणजे माझ्या घड्याळातले बारा तास सीलंटच्या घड्याळात सहा-सात भरले असतील. लोणचं थंडीत उशिरा मुरतं हे माझ्या आईला पुस्तकाशिवाय माहीत होतं.

तेव्हा आडोसा हवा होता. मिस्त्रींच्या शेडाचं दार बंद झालेलं. एका मित्रानं हळदीचं गोडाऊन देऊ केलं. लाल गाडीवर पिवळी झिलई चढेल म्हणून नको म्हटलं, त्यावर तो आठवडाभर मंगळाष्टकं म्हणून चिडवत होता. शेवटी चुलत्यांच्या बंद पडलेल्या गुऱ्हाळाची शेड मिळाली. वर पत्रा, तीन बाजूंनी भिंत, चौथीला मी ताडपत्री बांधली. जमीन शेणानं सारवलेली, म्हणून धूळ उडत नव्हती. जुन्या गुळाचा वास अजून आत होता आणि त्या वासानं मुंग्या. मुंग्यांनी गाडीला काही केलं नाही, मला केलं.

नाताळला लागून रविवार आला होता, दोन दिवस हातात. मी ठरवलं, या वेळी नुसतं गाडीला सीलंट लावायचं नाही, नीट बघायचंच. बॉनेट पुन्हा कोरं केलं आणि कागदी टेप लावून त्याचे पाच उभे पट्टे पाडले. रविवारी सकाळी आठला सगळ्यांना एकदमच पहिला हात. एक पट्टा तसाच ठेवायचा, एकाच हाताचा. बाकीच्या चौघांना दुसरा हात अनुक्रमे तासानं, चार तासांनी, बारा तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला. हुक्क्यासारखी गुडगुड करणारी जुनी मोटर बाजूला ठेवून चुलते खाटेवर बसले. दुपारी बाराला मी तिसऱ्या पट्ट्याला हात मारायला आलो तेव्हा म्हणाले, “इंजेक्शन हाय का काय, टायमानं द्यायला?”

दुसरा हात मारायच्या आधी दर वेळी मी एका कोपऱ्यात बोट ओढून बघत होतो. हा बोटाचा ठसा फार उपयोगी. सीलंट लावल्यावर पुसायची वेळ झाली का, ते असं कळतं की बोट ओढल्यावर खाली स्वच्छ रंग दिसतो आणि रेघ पुन्हा भरून येत नाही. रेघ पुसट, चिकट आली तर थांबायचं. उन्हाळ्यात लवकर होईल, त्या शेडात पाऊण तास लागत होता. पण हे फक्त वाळण्याचं माप. मुरण्याचं माप बोटाला नाही, त्यामुळे घड्याळाशिवाय इलाज नाही.

तासाच्या पट्ट्यावर अपेक्षेप्रमाणे पुन्हा तेलकट काला. चार तासांच्या पट्ट्यानं मला फसवलं. पुसताना किंचित जड गेला, पण शेवटी साफ झाला आणि संध्याकाळच्या बॅटरीच्या उजेडात बाराच्या पट्ट्याइतकाच सुंदर दिसत होता. मी मनात म्हटलं, चला, चार तास पुरतात. सोमवारी दुपारी गाडी बाहेर उन्हात काढली तेव्हा त्यावर वाफ धरल्यासारखी एक मळकट छटा दिसली, तिरकं बघितलं तरच. ती दुसऱ्या दिवशी ओलसर मायक्रोफायबरनं गेली. वाईट काही झालं नाही, पण तेवढ्यासाठी चार तास पकडायचे का? बाराचा आणि चोवीसाचा पट्टा मला शेजारी ठेवूनही ओळखू आला नाही. टेप काढल्यावर मी स्वतः विसरलो कोणता कोणता, वहीत बघावं लागलं.

दीडेक महिना मी त्या बॉनेटवर दर रविवारी मग्ग्यानं पाणी ओतून बघितलं. पाणी मोत्यासारखे थेंब करून पळतं का बसून राहतं, एवढीच तपासणी. याला संरक्षणाचा पुरावा म्हणता येत नाही, हे मला मान्य आहे; थेंब होणं हे पृष्ठताणाचं काम आहे, आणि मळलेल्या गाडीवर चांगलं सीलंटही पाणी फेकत नाही. तरी हाताशी तेवढंच होतं. आणि त्यात जे दिसलं त्यानं माझा उत्साह निम्म्यावर आला. एकाच हाताचा पट्टा मधल्या भागात दोन हातांच्या पट्ट्यांइतकाच पाणी फेकत होता. फरक पडला तो कडांना. बॉनेटच्या पुढच्या वळणावर, वायपरजवळच्या पन्हाळीत, जिथं पहिल्या वेळी माझा स्पंज नीट पोचला नव्हता, तिथं एका हाताच्या पट्ट्यावर पाणी पसरून बसायचं. दोन हातांच्या पट्ट्यांवर नाही.

माझा असा समज होता की दुसरा हात म्हणजे दुप्पट जाडी. सीलंटचा थर मुळात इतका पातळ बसतो की मायक्रॉनच्याही खाली. पूर्ण गाडीला एका हाताला २५-३० मिलीच्या वर लागू नये. लागलं तर तुम्ही जास्त लावलंय, आणि जास्तीचं सगळं फडक्यावर जातं. पहिल्या थरानं रंगावरच्या धरायच्या जागा भरल्या की वरच्याला धरायला फारसं उरत नाही. दुसरा हात कामाचा आहे तो पहिल्यात सुटलेलं भरून काढायला. तिसरा, चौथा हात मारणाऱ्यांचा मला राग नाही, त्यांना रविवार जास्त मिळत असतील.

प्रत्येक बाटलीचं गणित वेगळं असतं हे मात्र खरं. जर्मन क्लासे सीलंटची जुनी प्रसिद्धी अशी की दोन हातांत पुरता दिवस सोडायचा. अमेरिकेतल्या झायनो कंपनीनं असं थांबणं टाळायला सीलंटमध्ये काही थेंब टाकायचा प्रवेगक काढला, झेडएफएक्स नावाचा, त्यानं एका दिवसात दोन-तीन हात देता येतात. अरल्डाइटच्या हार्डनरसारखाच विचार. सिरॅमिक कोटिंगची जात आणखी वेगळी. ते हवेतल्या दमटपणावर पक्कं होतं आणि काही वेळातच इतकं कडक होतं की पुसायला उशीर झाला तर पॉलिश करूनच काढावं लागतं. तिथं उशीर हा शत्रू, सीलंटमध्ये घाई. एकाची सवय दुसऱ्याला लावली की पस्तावा ठरलेला. मेणाला तर मुरणं असं काही नाहीच, द्रावक उडाला की संपलं.

आता माझा क्रम बसलाय. गुऱ्हाळाच्या शेडात रविवारी सकाळी सातला गाडी जाते. धुणं, क्ले वगैरे आदल्या दिवशी घरीच. पत्रा हाताला गार लागला पाहिजे. उन्हातून आणलेल्या गाडीवर सीलंट लावायच्या आधीच वाळतं आणि पुसताना जीव काढतं. नऊपर्यंत पहिला हात पुसून होतो. मग गाडी तिथंच, किल्ली माझ्याकडं. हिवाळ्यात दुसरा हात दुसऱ्या दिवशी शाळेच्या आधी, म्हणजे एकवीस-बावीस तासांनी. मार्च-एप्रिलमध्ये त्याच संध्याकाळी आठला देणार, कारण तेव्हा शेडात दिवसभर तिशीच्या वर पारा असतो. पावसाळ्यात मी हे कामच काढणार नाही. फडकी वेगळ्या बादलीत धुतो आणि त्यांना कपडे मऊ करायचं द्रव अजिबात लावत नाही, त्यानं धागे गुळगुळीत होऊन पुसायचे बंद होतात. हा नियम घरात लागू व्हायच्या आधी चार फडकी टॉवेलांबरोबर धुतली गेली होती. टॉवेलांचे तंतू महिनाभर बॉनेटवर सापडत होते.

आणि सकाळचं कोरडं झटकणं बंद. काजळी पडली असेल तर आधी पाणी ओतायचं, वाहून जाऊ द्यायचं, मग हात. सीलंटवरून ती सहज वाहते, हा त्याचा मला दिसलेला सगळ्यात मोठा फायदा. चमकबिमक नंतर.

राहिलं होतं डावं दार. दोन महिने ते एकटंच काजळी धरत होतं. बाकी गाडीवरून पाणी ओतलं की पळायचं आणि त्या दारावर ओघळत खाली यायचं. जानेवारीच्या अखेरीस मिस्त्रींना दाखवायला नेलं. बाटली घरी ठेवून गेलो होतो. त्यांनी दाराची खालची कड शोधली, जिथं कोणाला दिसणार नाही, तिथं अंगठ्याचं नख दाबलं, उन्हाकडं धरून बघितलं. नखाची खूण नव्हती. तरी त्यांनी हाताच्या पंजानं दार एकदा घासलं आणि पंजा हुंगला.

“आजून आठ दिस जाऊ द्या.”

आठचे पंधरा झाले, कारण मधे शाळेत दहावीची सराव परीक्षा होती. काल सकाळी त्या दाराला पहिला हात मारला. २० मिनिटांत धुरकट झालं, बोट ओढून बघितलं, रेघ स्वच्छ आली, पुसून टाकलं. एकट्या दारासाठी गाडी गुऱ्हाळात नेली म्हणून चुलते हसले आणि ताडपत्रीची दोरी त्यांनीच बांधली. दुसरा हात आज शाळा सुटल्यावर.